मुलांच्या आणि मानसोपचाराच्या वॉर्डात औषधं देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या दोन वॉर्डांत ड्युटी करणारे सिस्टर-ब्रदर, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बीएस्सी नर्सिंगचे विद्यार्थी आणि घरी औषधं देणारे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. दोन वॉर्ड एकाच पानावर का? दोन्हीकडे शेवटची चाळणी नसते म्हणून. मेडिसिनच्या वॉर्डातले काका "सिस्टर, कालची गोळी तर पांढरी होती" म्हणतात आणि चूक तिथेच सापडते. आठ महिन्यांचं बाळ हे सांगू शकत नाही. मनोरुग्ण सांगतो, पण त्याचं ऐकलं जात नाही.

इथले डोस समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात ट्रीटमेंट शीटवरची डॉक्टरांची ऑर्डर आणि तुमच्या रुग्णालयाची पद्धत चालते.

१. मुलांचा डोस वयावरून काढला तर काय बिघडतं? वजनच का?

दोन वर्षांचं एक मूल ९ किलोचं असतं, दुसरं १४ किलोचं. वयावरून दोघांना सारखाच डोस दिला तर एकाला जास्त होतो, दुसऱ्याला पुरत नाही. म्हणून दाखल करतानाच वजन करायचं, किलोमध्ये, आणि ट्रीटमेंट शीटच्या वरच्या कोपऱ्यात तारखेसह लिहायचं. आईने सांगितलेलं वजन बहुतेक वेळा मागच्या लसीकरणाच्या वेळचं असतं. जुलाबाने सुकलेलं किंवा सूज असलेलं मूल असेल तर रोज वजन करा.

वजनदार मुलांत उलटी चूक होते. ७५ किलोच्या चौदा वर्षांच्या मुलाला किलोला १५ मिग्रॅने पॅरासिटामॉल काढलं तर ११२५ मिग्रॅ येतं, पण मोठ्या माणसालाही एका वेळी १००० मिग्रॅच्या वर देत नाहीत. हिशेब प्रौढांच्या डोसच्या वर गेला की तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं.

२. बाटलीवर मिग्रॅ असतं आणि आम्ही मिली देतो. हा हिशेब नेमका कसा करायचा?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर. १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे एका वेळी १८० मिग्रॅ. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. पुढचा प्रश्न हातात कोणती बाटली आहे हा.

५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ असलेल्या सिरपमध्ये १ मिलीत २५ मिग्रॅ असतं, म्हणून ७.२ मिली द्यायचं. ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ असेल तर ३.६ मिली. ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं, म्हणून १.८ मिली. आता ७.२ हा आकडा डोक्यात बसलेला आहे आणि हातात ड्रॉप्सची बाटली आली, तर मुलाच्या पोटात ७२० मिग्रॅ जातं. किलोला ६० मिग्रॅ. म्हणजे अख्ख्या दिवसाची मर्यादा एका घोटात.

सूत्र एकच: हवे असलेले मिग्रॅ भागिले बाटलीतले मिग्रॅ, गुणिले तेवढे मिग्रॅ ज्यात आहेत ते मिली. ऑर्डर "पॅरासिटामॉल ५ मिली" अशी असेल तर ती अपुरी आहे. कोणत्या ताकदीचं ५ मिली ते लिहून घ्या. घरी पाठवताना आईला मिलीचा आकडा आणि बाटलीचं नाव एकत्रच सांगा, आणि ही बाटली संपून दुसऱ्या कंपनीची आणली तर मिली बदलू शकतं हेही सांगा.

पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान चार तास हवेत. सर्दीच्या मिश्र औषधात आणि सपोझिटरीत (गुदद्वारातून द्यायच्या गोळीत) असलेलं पॅरासिटामॉलही याच दिवसाच्या हिशेबात धरायचं.

३. दशांश चिन्हाचा इतका बाऊ का करतात?

".५" लिहिलं तर टिंब पुसट होतं आणि "५" वाचलं जातं. "५.०" लिहिलं तर "५०" वाचलं जातं. दोन्हीकडे चूक दहापट. म्हणून ०.५ लिहिताना पुढे शून्य लावायचंच, आणि पूर्ण आकड्याच्या मागे शून्य लावायचंच नाही. मायक्रोग्रॅम पूर्ण शब्दांत लिहा. रक्तदाब कमी करणाऱ्या क्लोनिडिनची गोळी १०० मायक्रोग्रॅमची असते. ते मिग्रॅ वाचलं तर हजारपट फरक.

"एसओएस" (गरज लागली तरच द्यायच्या) ऑर्डरमध्ये तीन गोष्टी हव्यात: कशासाठी, किती वेळाने पुन्हा आणि दिवसात जास्तीत जास्त किती. त्या नसतील तर औषध देण्याआधी लिहून घ्या.

४. घरातला चमचा चालतो का? आणि मूल तोंड घट्ट मिटून घेतं, तेव्हा काय?

चमचा चालत नाही. घराघरांतले चमचे तीन मिलीपासून सात-आठ मिलीपर्यंत काहीही असतात. बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. वॉर्डात तोंडाने देण्याची औषधं वेगळ्या रंगाच्या ओरल सिरिंजमध्येच भरायची. साध्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरलेलं सिरप शिरेतून दिलं गेल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत.

बाळाला मांडीवर अर्धवट बसवायचं, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं आणि ०.५ ते १ मिली सोडून गिळण्याची वाट पाहायची. जिभेच्या मागे जोरात सोडलं की ठसका लागतो. नाक दाबून पाजू नका. औषध श्वासनलिकेत जातं. दुधाच्या अख्ख्या बाटलीत मिसळू नका, अर्धी बाटली उरली तर किती औषध गेलं ते कळत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून काहीही द्यायचं नाही, कारण बोट्युलिझमचा (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो.

५. औषध दिल्यावर मुलाने ओकलं. पुन्हा द्यायचं का?

साधारण पद्धत अशी: १५ मिनिटांच्या आत ओकलं आणि औषध ओकारीत दिसत असेल तर डॉक्टरांना सांगून पुन्हा द्यायचं. तासानंतर ओकलं तर पुन्हा देत नाहीत. मधल्या वेळेचं उत्तर औषधानुसार बदलतं. डिगॉक्सिन, फिट्सची औषधं, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं आणि मानसोपचाराची कोणतीही औषधं स्वतःच्या निर्णयाने पुन्हा देऊ नका. नोंद करताना नुसतं "ओकारी झाली" न लिहिता डोसनंतर किती मिनिटांनी झाली ते लिहा.

६. पावडरचं अँटिबायोटिक सिरप कसं बनवायचं?

बाटली ठोकून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवा. एकदमच खुणेपर्यंत भरलं तर फेस बसल्यावर पातळी खाली जाते आणि औषध जास्त घट्ट होतं. बनवल्याची तारीख बाटलीवर लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्येक डोसच्या आधी हलवायचं, नाहीतर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे घट्ट जातात.

७. इंजेक्शनमध्ये कुठे चुकतं?

अमिकासिन घ्या. १०० मिग्रॅ, २५० मिग्रॅ आणि ५०० मिग्रॅ, तिन्ही २ मिलीच्याच व्हायलमध्ये (इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत) मिळतात. ८ किलोच्या मुलाला किलोला १५ मिग्रॅने १२० मिग्रॅ हवं. २५० च्या व्हायलमधून ते ०.९६ मिली होतं, ५०० च्या व्हायलमधून ०.४८ मिली. रात्री फार्मसीतून दुसऱ्या ताकदीची व्हायल आली आणि "काल एक मिली दिलं होतं" म्हणून एक मिली भरलं, की डोस दुप्पट. हँडओव्हरमध्ये (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना) मिली सांगू नका, मिग्रॅ सांगा. मिली काढायचं ते व्हायल हातात घेऊनच.

१ मिलीपेक्षा कमी औषध १ मिलीच्याच सिरिंजमध्ये भरा. अगदी लहान मात्रेत आणखी एक खाच आहे. सिरिंजच्या टोकाशी आणि सुईच्या मुळाशी थोडं औषध अडकून राहतं. त्याच सिरिंजमध्ये वरून सलाईन ओढलं तर हे अडकलेलंही आत येतं आणि बाळाला मोजल्यापेक्षा जास्त जातं. म्हणून औषध एका सिरिंजमध्ये मोजून, आधी सलाईन भरलेल्या दुसऱ्या सिरिंजमध्ये सोडायचं.

तान्ह्या बाळाला स्नायूतलं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध द्यायचं. नितंबावर नको, तिथली मोठी नस दुखावते.

८. ड्रिपचे थेंब कसे मोजायचे? आणि पोटॅशियमची एवढी भीती का?

मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली होतो, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. १४ किलोच्या मुलाचा दिवसाचा नेहमीचा द्रव: पहिल्या १० किलोंना १०० मिली प्रमाणे १०००, उरलेल्या ४ किलोंना ५० प्रमाणे २००, एकूण १२०० मिली. तासाला ५० मिली, मिनिटाला ५० थेंब. मोठ्यांच्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा १ मिली असतो. तो सेट लावून ५० थेंब सोडले तर तिप्पट पाणी जातं. ब्युरेटमध्ये (ड्रिपच्या नळीतल्या मापाच्या नळकांड्यात) एका वेळी दोन तासांपेक्षा जास्तीचा द्रव भरू नका. नळी उघडी राहिली तरी जाऊन जाऊन तेवढाच जाईल.

पोटॅशियम क्लोराइडच्या १५ टक्क्यांच्या अँप्युलमध्ये १ मिलीत २ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक) असतं. हे थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. १० मिलीची प्लास्टिकची अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखीच दिसते, म्हणून दोन्ही एका ट्रेमध्ये कधीच नकोत. खरं तर ते वॉर्डच्या उघड्या ट्रॉलीत असूच नये. कुलपात, वेगळ्या लेबलखाली ठेवावं. लिटरला २० मिलिइक्विव्हॅलंट हवं असेल तर ५०० मिलीच्या बाटलीत ५ मिली घालायचं आणि बाटली उलटीसुलटी करून नीट मिसळायची. टांगलेल्या बाटलीत टोचलं तर ते तळाशी साचतं आणि सुरुवातीलाच घट्ट औषध शिरेत उतरतं. सुरू करण्याआधी मुलाला लघवी होते आहे ना, ते पाहा.

९. कोणती इंजेक्शनं सावकाश द्यायची, आणि कोणती एकत्र करायची नाहीत?

व्हॅन्कोमायसिन किमान ६० मिनिटं, १ मिलीत ५ मिग्रॅपेक्षा घट्ट नको. २० किलोच्या मुलाचे ३०० मिग्रॅ म्हणजे किमान ६० मिली सलाईनमध्ये. घाई केली की चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते आणि रक्तदाब पडतो. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण बनतात. सेफ्ट्रायअॅक्झोन आणि कॅल्शियम एकाच लाइनमधून एकाच वेळी नाही. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, हे विसरलं जातं. कॅल्शियमचा द्रव चालू असलेल्या २८ दिवसांच्या आतल्या बाळाला सेफ्ट्रायअॅक्झोन मुळीच द्यायचं नाही.

१०. इन्सुलिनच्या लाल आणि केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये काय फरक?

आपल्याकडे व्हायल बहुतेक १ मिलीत ४० युनिटची असते, तिला लाल टोपीची सिरिंज. केशरी टोपीची सिरिंज १ मिलीत १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ४० च्या व्हायलमधून केशरी सिरिंजच्या १० खुणेपर्यंत ओढलं तर फक्त ४ युनिट जातात. १०० च्या इन्सुलिनला लाल सिरिंज लावून १० खुणेपर्यंत ओढलं तर २५ जातात. शाळकरी मुलात हा फरक जिवावर बेततो. "यू" अक्षर लिहू नका, ते शून्यासारखं दिसतं. "युनिट" पूर्ण लिहा.

११. खोकल्याचं सिरप कोणत्या वयापासून द्यावं?

दोन वर्षांच्या आत द्यायचं नाही, आणि पाच वर्षांच्या आत साधारणपणे टाळायचं, असं केंद्रीय आरोग्य यंत्रणेने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलं. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापणं २०२३ मध्येच बंधनकारक झालं होतं. १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि निमेसुलाइडही नाही.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलिन ग्लायकॉल (मूत्रपिंडं बंद पाडणारं विषारी रसायन) असलेल्या सिरपने मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं आणि १४ रुग्ण गेले. लेंटिन चौकशी आयोग त्यावरच नेमला होता. यातून नर्सने घ्यायची गोष्ट साधी आहे. साध्या सर्दी-खोकल्याचं मूल ओकतं आहे आणि लघवी कमी झाली आहे, तर कोणतं सिरप दिलं ते विचारा, बाटली मागवा, बॅच नंबर लिहून घ्या आणि बाटली फेकू देऊ नका.

१२. नाव विचारून औषध दिलं तरी चूक होते, ती कशी?

"तुम्ही सुरेश ना?" असं विचारलं तर गुंगीतला रुग्ण कशालाही "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा आणि आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर जुळवा. खाट नंबर ही ओळख नव्हे. मुलांच्या वॉर्डात आया खाटा बदलून घेतात, मानसोपचाराच्या वॉर्डात रुग्ण कुठेही जाऊन झोपतो. मनगटाची पट्टी काढून टाकणाऱ्या रुग्णांसाठी ट्रीटमेंट शीटवर फोटो लावणं उत्तम. जुळ्यांच्या दोन्ही शीट एकाच वेळी हातात घेऊ नका.

१३. रुग्ण गोळी गालात लपवतो. कसं ओळखायचं?

सकाळी दहा जणांना ओळीत उभं करून गोळ्या वाटल्या तर हमखास कोणीतरी लपवतो. एका वेळी एकच रुग्ण. गोळी त्याच्यासमोर स्ट्रिपमधून काढा, बसवूनच द्या, वर पूर्ण पेलाभर पाणी. मग दोन वाक्यं बोलतं करा. गोळी जिभेखाली असेल तर बोलणं अडखळतं. तोंड उघडायला सांगून जीभ वर, दोन्ही गाल, वरचा ओठ टॉर्चने पाहा. हात आणि बाह्याही. पुढची पंधरा मिनिटं रुग्ण नजरेसमोर राहील असं पाहा, संडास-बाथरूमकडे विशेष लक्ष. तोंडात बोट घालू नका.

गोळी सापडली तर रागावण्यात अर्थ नाही. कारण विचारा. वजन वाढलं, दिवसभर झोप येते, मान आखडते, लैंगिक अडचण आहे, अशी कारणं निघतात आणि डोस किंवा औषध बदलून प्रश्न सुटतो. साठवलेल्या गोळ्या सापडल्या तर मात्र आत्महत्येचा धोका धरून त्याच वेळी डॉक्टरांना कळवा. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांचा पर्याय असतो. त्या कोरड्या हातानेच काढायच्या.

१४. नातेवाईक म्हणतात वरणातून, चहातून द्या. द्यायचं का?

स्वतःच्या निर्णयाने नाही. पहिलं कारण हक्काचं: निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या रुग्णाला लपवून औषध देणं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधल्या संमतीच्या तत्त्वात बसत नाही. दुसरं व्यवहाराचं: अर्धी वाटी वरण उरलं तर अर्धा डोस उरला, भावाने वेगळा आणि आईने वेगळा दिला तर दुप्पट गेला. आणि रुग्णाला एकदा कळलं की तो जेवणच सोडतो.

रसायनशास्त्रही आडवं येतं. रिस्पेरिडोनचं द्रव औषध चहा आणि कोलासोबत जमत नाही. पाणी किंवा संत्र्याचा रस चालतो. लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि मेथिलफेनिडेटच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. अॅटोमोक्सेटिनची कॅप्सूल उघडू नका, पूड डोळ्यांना झोंबते.

रुग्णाची क्षमता नाही असं तपासून ठरलं असेल आणि डॉक्टर, रुग्णाचा कायद्याने नेमलेला प्रतिनिधी आणि टीमने लेखी निर्णय घेतला असेल, तर फार्मासिस्टला विचारून, एक-दोन घासांतच मिसळून द्या. तो निर्णय ठरावीक दिवसांनी पुन्हा तपासायचा असतो.

१५. रुग्ण किंवा मुलाचे आईवडील औषध नाकारतात. जबरदस्ती करता येते का?

नाकारण्याचं कारण नोंदवा, थोड्या वेळाने दुसऱ्या कोणी तरी विचारून पाहा, डॉक्टरांना कळवा. जिवाला किंवा दुसऱ्यांना गंभीर धोका असेल तर कायद्यात आणीबाणीच्या उपचाराची तरतूद आहे, पण ती डॉक्टरांच्या निर्णयाने, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने, आणि साधारणपणे ७२ तासांपुरती. १८ वर्षांखालच्या रुग्णाचा प्रतिनिधी म्हणजे त्याचा कायदेशीर पालक. अशा रुग्णाला प्रौढांपासून वेगळं ठेवायचं असतं. पालकांची संमती असली तरी दहा वर्षांच्या मुलाला गोळी कशाची ते त्याच्या भाषेत सांगा. शिक्षा म्हणून इंजेक्शन, किंवा "ऐकलं नाहीस तर सुई टोचेन" हे दोन्हीकडे वर्ज्य.

१६. रुग्ण आक्रमक झाल्यावर इंजेक्शन दिलं. नंतर काय पाहायचं?

इंजेक्शनच्या आधी आवाज खाली आणून बोलणं, गर्दी हटवणं आणि तोंडाने औषध देऊ करणं झालेलं असावं. प्रौढांत हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही जोडी आपल्याकडे खूप वापरली जाते. वेल्लोरला तिच्यावर चाचण्याही झाल्या आहेत. खरी जोखीम इंजेक्शननंतरच्या तासात असते. सगळे दमलेले असतात आणि "झोपला बरं झालं" म्हणून निघून जातात. पहिला तास दर १५ मिनिटांनी श्वास, ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध, पुढे चालता येईपर्यंत दर अर्ध्या तासाने. पालथं दाबून धरू नका, कुशीवर ठेवा.

ओलान्झापिनचं स्नायूतलं इंजेक्शन आणि लोराझेपाम किंवा तत्सम इंजेक्शन एकापाठोपाठ नको, किमान एक तासाचं अंतर. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन नाही. काही मुलं लोराझेपामने शांत होण्याऐवजी जास्त बिथरतात. तसं झालं तर आणखी एक डोस देण्याआधी डॉक्टरांना बोलवा.

१७. इंजेक्शननंतर मान वाकडी झाली, डोळे वर गेले. फिट आहे का?

बहुधा नाही. शुद्ध पूर्ण असेल, रुग्ण घाबरून तुमच्याकडे पाहत असेल, मान एका बाजूला ओढली असेल, जीभ बाहेर येत असेल किंवा जबडा अडकला असेल, तर ती डिस्टोनिया (औषधाने स्नायू आखडणं) आहे. हॅलोपेरिडॉलने होते, किशोरवयीन मुलग्यांत जास्त. ओकारीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडने लहान मुलांतही अगदी हेच होतं. नातेवाइकांना "अंगात आलं" वाटतं आणि घरी हे झालं तर दवाखान्याऐवजी भलतीकडे नेतात, म्हणून डिस्चार्जच्या वेळीच सांगून ठेवा. ऑर्डरनुसार प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासात उतरते. आवाज घोगरा झाला किंवा श्वास घरघरायला लागला तर घशाचे स्नायू आखडत आहेत, ती आणीबाणी.

अंग ताठ, ताप, घाम, गोंधळ आणि रक्तदाब वरखाली असं एकत्र दिसलं तर ते वेगळं प्रकरण, न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, म्हणजे या औषधांचा जीवघेणा दुष्परिणाम. पुढचा डोस थांबवा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा.

१८. महिन्याच्या इंजेक्शनमध्ये काय काळजी?

साधं हॅलोपेरिडॉल १ मिलीत ५ मिग्रॅ असतं, डेकॅनोएट (त्याच औषधाचं सावकाश सुटणारं रूप) १ मिलीत ५० मिग्रॅ आणि ते आठवडे टिकतं. रात्रीच्या गोंधळात ही अदलाबदल झाली तर औषध परत काढता येत नाही. दोन्ही वेगळ्या कप्प्यांत ठेवा. फ्लुफेनाझिन आणि हॅलोपेरिडॉलचं डेकॅनोएट तिळाच्या तेलात असतं. तिळाची अॅलर्जी विचारा. सिरिंज आणि सुई कोरडी हवी. कातडी बाजूला ओढून धरायची, खोल नितंबात सावकाश द्यायचं, दहा सेकंद थांबून सुई काढायची, मग कातडी सोडायची. चोळायचं नाही. शिरेत कधीच नाही. मागच्या वेळी कोणत्या बाजूला दिलं ते नोंदवा.

१९. लिथियम चालू आहे. उपास, उन्हाळा आणि अंगदुखीची गोळी?

मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमची रक्तातली उपयोगाची आणि विषारी पातळी जवळजवळ आहेत: रोजच्यासाठी लिटरला साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट, आणि १.५ च्या वर विषबाधेची भीती. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. म्हणून निर्जळी एकादशी, रोजे, विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, जुलाब आणि "बीपी आहे, मीठ बंद करा" हा शेजाऱ्याचा सल्ला, सगळं एकाच बाजूला जातं. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन पातळी वाढवतात; अंगदुखीला पॅरासिटामॉल. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पातळी वाढते.

रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं, म्हणून सकाळची गोळी नमुना घेतल्यावर. हिरव्या टोपीची ट्यूब वापरू नका. तिच्यात लिथियम हेपारिन असतं आणि आकडा खोटा वाढलेला येतो. हात जाड थरथरणं, ओकारी-जुलाब, झोकांड्या, बोबडं बोलणं दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच कळवा.

२०. क्लोझापिनच्या रुग्णात नर्सने काय धरून ठेवायचं?

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध. त्यात चार गोष्टी: रक्ताची तारीख, ताप, संडास आणि विडी. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त, पुढे अंतर वाढवत. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या खाली गेले तर डोस देण्याआधी डॉक्टर. घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त. बद्धकोष्ठता किरकोळ समजू नका. आतडं बंद पडून रुग्ण दगावतात, म्हणून संडासाची रोज नोंद. विडी-सिगारेटच्या धुराने औषध लवकर निकामी होतं. वॉर्डात विडी सुटली की त्याच डोसची पातळी वाढते आणि गुंगी, लाळ, फिट दिसू शकते. सुटलेल्या डोसबद्दल प्रश्न २२ पाहा.

२१. मुलाला मेथिलफेनिडेट किंवा नैराश्याची गोळी सुरू केली आहे. शाळेत, घरी काय सांगायचं?

मेथिलफेनिडेट (अतिचंचलतेचं, एडीएचडीचं औषध) नाश्त्यानंतर, कारण भूक मरते. दुपारी चारनंतर नको, झोप उडते. उंची, वजन, नाडी, रक्तदाब यांचा तक्ता ठेवा. हे शेड्यूल एक्समधलं (कडक नियंत्रणाच्या यादीतलं) औषध आहे, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो. शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका. गोळ्या मुलाच्या दप्तरात नकोत.

नैराश्याच्या गोळ्यांनी २५ वर्षांखालच्यांत, विशेषतः पहिल्या आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर, आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अचानक बेचैनी, झोप उडणं, चिडचिड दिसली तर गोळी आपल्या मनाने बंद न करता लगेच फोन. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

२२. डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन द्यायचे का?

नाही. आठवलं तेव्हा पुढच्या डोसला बराच वेळ असेल तर द्या, नाहीतर सोडून द्या. अपवाद महत्त्वाचे: क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं तर जुना डोस एकदम देत नाहीत, १२.५ मिग्रॅपासून पुन्हा चढवतात. लॅमोट्रिजिनही बरेच दिवस सुटलं तर पुन्हा खालून, नाहीतर गंभीर पुरळाचा धोका. क्लोनिडिन आणि फिट्सची औषधं अचानक तुटली तर रक्तदाब उसळतो किंवा फिट येते. तिथे चुकलेला एक डोसही कळवायचा.

२३. रुग्ण म्हणतो "ही माझी गोळी नाही". भ्रम आहे असं समजायचं?

आधी गोळी तपासा, भ्रमाचं नंतर बघू. ट्रॉली थांबवा, स्ट्रिप आणि शीट त्याच्यासमोर जुळवा. कंपनी बदलल्याने रंग बदलला असेल तर स्ट्रिपवरचं नाव दाखवून सांगा. क्लोनाझेपाम, क्लोबाझाम, क्लोझापिन ही नावं एका दमात वाचली की डोळा चुकतोच. हेच मुलांच्या वॉर्डात आईच्या बाबतीत. "सकाळच्या सिस्टरने कमी दिलं होतं" असं ती म्हणाली, तर सिरिंज खाली ठेवून प्रश्न २ चा हिशेब पुन्हा करा.

२४. घरात एक मनोरुग्ण आणि एक लहान मूल. गोळ्या कुठे ठेवायच्या?

कुलपात. फ्रिजवर किंवा देवघरामागे ठेवलेल्या गोळ्या तीन वर्षांचं मूलही शोधून काढतं. नैराश्यावरच्या अॅमिट्रिप्टिलिनच्या मोजक्या गोळ्या लहान मुलाच्या हृदयाला पुरतात. लोहाच्या लाल गोळ्या तर मुलांना गोड वाटतात. आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णासाठी आठवड्याच्याच गोळ्या आणा. मुलाने काही गिळलं तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. स्ट्रिप सोबत घ्या, किती गोळ्या होत्या ते मोजा, १०८ ला फोन करा.

२५. चुकीचा डोस गेला. पहिल्या दहा मिनिटांत काय?

आधी रुग्ण: शुद्ध, श्वास, नाडी, रक्तदाब. चालू ड्रिपमधून जात असेल तर बंद करा, पण शिरेतली सुई काढू नका. डॉक्टरांना औषध, मिग्रॅ, मार्ग आणि वेळ एका वाक्यात सांगा. व्हायल, सिरिंज, बाटली बाजूला ठेवा. शीटवर खाडाखोड न करता प्रत्यक्ष दिलं ते लिहा, घटनेचा फॉर्म भरा, नातेवाइकांना डॉक्टरांसोबत सांगा. पुढच्या पाळीला हँडओव्हरमध्ये नेमकं काय पाहत राहायचं ते द्या. चूक लपली तर उतारा द्यायची वेळ टळते, आणि मेमोच्या भीतीने लपवायला लावणारी इन्चार्ज त्यात तितकीच भागीदार असते.

औषध बरोबर देऊनही त्रास झाला तर तो औषधाचा दुष्परिणाम म्हणून भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाला कळवता येतो. फोन १८००-१८०-३०२४. नर्सलाही थेट कळवता येतं. फॉर्ममध्ये रुग्णाची आद्याक्षरं, वय, वजन, औषधाचं नाव, बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख लागते.